रविवारचा भाला

आमच्या बिल्डिंगला रंगाचं काम चाललंय. त्यासाठी परांची बांधलीय, लोखंडी पाइपची नाही, बांबूची. माझ्या गॅलरीच्या कठड्याला लागूनच एक आडवा बांबू गेलाय. सकाळी दार उघडलं की वास येतो, ओल्या बांबूचा आणि भिजवलेल्या काथ्याचा. शेजारच्या बाई नाकाला ओढणी लावून माझ्याकडे बघतात, जणू मीच सडतोय. मी चाळीस वर्षं परांच्या बांधल्या, दुसरं काही येत नव्हतं. मला तो वास म्हणजे थंडी.

दिवाळी झाली की आमचं काम सुटायचं. पाऊस गेलेला, बिल्डर लोकांना घाई, आणि मीरा रोड म्हणजे तेव्हा अर्धी भातखाचरं आणि अर्धे पाये. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट सांगतोय. सकाळी खाडीकडून धुकं यायचं, त्याला मिठाचा वास असायचा. त्या धुक्यात वर उभं राहून गाठ मारायची तर खालची जमीन दिसायची नाही, नुसते आवाज यायचे. कोणी माल कालवतोय, कोणी सळई तोडतोय, कोणी उगाच खोकतोय. बोटं गारठलेली आणि काथ्या ओला. काथ्या ओलाच बांधायचा असतो. वाळला की आवळतो. मग ती गाठ हातानं सुटत नाही, कोयत्यानं तोडावी लागते.

आज ज्या सिल्व्हर पार्कात मी दुसऱ्या माळ्यावर खुर्ची टाकून बसतो, तिथल्या बऱ्याच बिल्डिंगींना पहिली परांची माझ्या हातची. आता बाहेर जो माणूस गाठी मारतोय त्याच्या गाठी बघतो. बऱ्या आहेत. एक सैल दिसली ती दाखवली, तर म्हणाला, "चाचा, आप आराम करो ना." आराम करून करून कंटाळलोय, हे त्याला कुठे सांगू.

ही पहिली थंडी, की घरात मी एकटा आहे. माझी बायको सुमन होळीनंतर गेली. लोक म्हणाले, सुटली बिचारी. सुटली असेल. मी नाही सुटलो. पण ह्या महिन्यात एका गोष्टीतून मी सुटलो, तीस वर्षांनी. ते पहिलं तिला सांगितलं असतं. ती नाही, म्हणून कागदावर लिहितोय.

आमची मुलगी रंजू भाला फेकायची. चांगला फेकायची. आणि तिचा हात मी मोडला, असं मी तीस वर्षं मनात धरून चाललो होतो.

आम्ही तेव्हा पेणकरपाड्यात चाळीत राहायचो. मागचं दार उघडलं की खाचर. रंजूची शाळा दुपारची, म्हणून सकाळी ती माझा डबा घेऊन साइटवर यायची. खालून काथ्याची वेटोळी वर फेकायला एक माणूस ठेवलेला असायचा, आणि तो बिडी ओढायला गेला की आमचं सगळं अडायचं. एकदा मी दुसऱ्या माळ्यावरून ओरडलो, "अरे खाली कोणी आहे का, काथ्या द्या." रंजूनं डबा खाली ठेवला, वेटोळं उचललं आणि फेकलं. सरळ माझ्या हातात. मला वाटलं, लागला नेम. दुसरं मागितलं. तेही हातात. मग मी मुद्दाम एक माळा वर चढलो.

शाळेत पीटी शिकवणाऱ्या घाग बाई त्याच रस्त्यानं जात होत्या. त्या थांबल्या. सहावारी साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, त्यामुळे लांबून पण ओळखू यायच्या. त्यांनी मला खाली बोलावलं. मी उतरता उतरताच म्हणालो, "बाई, पोरगी आगाऊपणा करत नव्हती, मीच सांगितलं तिला."

"आगाऊपणा नाही हो. हिला माझ्याकडे द्या. भाला फेकू दे."

"कोणाला मारायचंय?"

बाई खूप हसल्या. मी गंमत केली नव्हती. मी चौथी शिकलेला माणूस, भाला फेकायची स्पर्धा असते आणि त्यात कोणी मरत नाही, हे मला कोण सांगणार होतं?

शाळेत भाला एकच, तो मुलांचा, आणि त्याचं टोक वाकडं. मग मी केला. बाईंनी लांबी आणि वजन कागदावर लिहून दिलं, सहाशे ग्रॅम. साइटवरच्या बांबूंतून एक बारीक, भरीव, वाळलेला निवडला. शेकोटीवर शेकून सरळ केला. काचेच्या तुकड्यानं पेरं तासली. टोक साइटवरच्या वेल्डिंगवाल्यानं करून दिलं, धरायच्या जागी सुती दोरी गुंडाळली. मग वजन करायला नाक्यावरच्या वाण्याकडे गेलो. सात फुटांचा भाला तराजूवर आडवा ठेवला तर दोन गिऱ्हाइकं खाली वाकली. वाणी म्हणाला, "काका, आ शुं छे? इधर साखर तोलते हैं." तरी त्यानं तोलून दिलं. दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे, बाकी बरोबर.

त्या थंडीतली सकाळ मला अजून पायाला लागते. भात कापून झालेलं, खाचरात धसकटं उभी, त्यावर दव. मी कामाला जायच्या आधी बांधावर बिडी ओढत बसायचो. रंजू फ्रॉकखाली शेजारच्या पोराची जुनी हाफ पॅंट घालून पळत यायची, चार पावलं तिरकी टाकायची आणि सोडायची. भाला गेला की एक बारीक आवाज येतो. वर जाताना येतो, उतरताना येत नाही. उतरताना फक्त जमिनीत रुततो, खच्चकन.

आणि पलीकडच्या टोकाला सुमन उभी असायची. भाला उपटून परत आणायचं काम तिचं. पदर खोचलेला, डोक्याला माझा मफलर. पोरीनं फेकायचा, आईनं चालत आणायचा. वीस फेका म्हणजे वीस फेऱ्या. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, प्रॅक्टिस नक्की कोणाची चाललीय.

मोजायला टेप नव्हता. सुमननं एक रीत काढली. सगळ्यांत लांब फेक जिथं पडली, तिथं ती आपली एक चप्पल काढून ठेवायची. त्याच्या पुढे भाला पडला तरच चप्पल पुढे सरकायची. तोपर्यंत ही बाई एका पायात चप्पल आणि एक पाय उघडा, अशी धसकटांतून ये-जा करायची. मी म्हणायचो, "अगं, दगड ठेव की एखादा."

"दगड काय कोणाचाही असतो," ती म्हणायची.

पाय ओरखडलेला असायचा. संध्याकाळी त्याला खोबरेल लावताना रंजूला म्हणायची, "उद्या जरा लांब टाक गं माझे आई, एकाच वाटेनं चालून कंटाळा येतो."

रंजू तालुक्याला पहिली आली. जिल्ह्याला, ठाण्याला, तिथंही पहिली. ठाण्याहून आलो त्या संध्याकाळी खाचरातच पोपटी लावली. आम्ही रायगडकडचे, थंडीत पोपटी झाली नाही तर वर्ष फुकट. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्डीचा पाला, वर पेंढ्याचा जाळ. घाग बाई पण आल्या होत्या. शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "आता पुण्याला राज्याची स्पर्धा. दोन महिने आहेत. तिथं जमलं तर पोरीचं आयुष्य बदलेल." सुमन शेंगा सोलत राहिली. मी मात्र तिथंच पेटलो.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. नवीन माणूस आला की त्याला पहिला महिना ओले बांबू उचलायला लावतात. पाण्यातून काढलेला बांबू दुप्पट जड लागतो. खांदा सोलवटतो, माणूस रडकुंडीला येतो. महिन्यानं त्याच्या हातात वाळका बांबू दिला की तो काडीसारखा उचलतो. माझा खांदा तसाच घडला होता. मला वाटलं, हात म्हणजे हात, पोरीचा काय आणि मजुराचा काय. मी नवा भाला केला, हिरव्या बांबूचा, जरा जाड. पाड्यातल्या तळ्यात आठ दिवस भिजवला. वाळून हलका व्हायला नको म्हणून मधूनमधून परत भिजवायचो. सुमननं विचारलं तर म्हणालो, भुंगा लागू नये म्हणून. ते खोटं नव्हतं, बांबू त्यासाठीच भिजवतात. पण पुरतं खरंही नव्हतं. घाग बाईंनी विचारलं, "नव्याचं वजन बरोबर आहे ना?" मी म्हणालो, "बरोबर आहे." हे मात्र सरळ खोटं.

पुण्याला मी बरोबर गेलो, घाग बाई होत्याच. सुमनला घर सोडून येता आलं नाही. एवढं मोठं मैदान मी पहिल्यांदा बघितलं. लाल माती, पांढरे पट्टे, माईकवर नावं. मी कुंपणाबाहेर उभा. रंजूचं नाव पुकारलं आणि ती आली ती वेगळ्याच कोणाची तरी पोरगी असल्यासारखी. पहिला भाला आडवा पडला, म्हणून मोजला नाही. दुसरा रेघेबाहेर. तिसरा रुतला, पण खूप अलीकडे. संपलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. डाव्या हातानं उजवं कोपर धरलेलं, घट्ट.  मी विचारलं, "कोपर दुखतंय?"

"हो."

 मी पुढे काही विचारलं नाही. मला उत्तर माहीत होतं, ते मी तळ्यात भिजवून ठेवलं होतं.

दोन महिने सुमन तिच्या कोपराला हळद आणि तुरटीचा लेप लावून पट्टी बांधत होती. एकदा पट्टी डाव्या हाताला दिसली. मी म्हणालो, "डाव्याला कशी?" सुमन म्हणाली, "एका हाताला आराम दिला की दुसऱ्यावर भार पडतो." मला पटलं. अपराध्याला काहीही पटतं. घाग बाई दोनदा येऊन गेल्या, पोरीला परत पाठवा म्हणाल्या. सुमननं त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. रंजूनं भाला परत धरला नाही.

त्या नव्या, जड भाल्याचं टोक सुमननं काढून घेतलं आणि बांबू घरात ठेवला, कपडे वाळत घालायची काठी म्हणून. ही काठी पुढे पेणकरपाड्यातून ह्या घरात आली. सुमन रोज तिनं छताजवळच्या दोरीवर माझे लेंगे टाकायची, आणि मी रोज दुसरीकडे बघायचो. एकदा म्हणालो, टाकून दे ती, मी चांगली आणतो. "का, काय वाईट आहे हिच्यात?" असं तिनं विचारलं.  बायकोला सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य म्हणजे वाळलेला काथ्या झाला होता.

तेव्हापासून मला एक सवय लागली. रंजू कुठूनही आली की तिच्या उजव्या हातातलं ओझं मी काढून घ्यायचो. हंडा असो, पुस्तकं असोत. तिचं लग्न झालं, पोरं झाली, तरी तेच.

दिवाळीनंतरच्या रविवारी ती आली. आता पंचेचाळीसची आहे. भाईंदरला केबिन रोडच्या मागे तिचं पोळीभाजी केंद्र आहे, दिवसाला दोनशे-अडीचशे पोळ्या होतात. रविवारी बंद, म्हणून माझ्याकडे येते. मी दारात गेलो आणि नेहमीसारखी उजव्या हातातली पिशवी ओढली. तिनं सोडली नाही.

"बाबा, एक विचारू? तुम्ही कायम ह्याच हातातली पिशवी का घेता? डाव्या हातात पाच किलो पीठ आहे, ते नाही दिसत. ह्या हातात कोथिंबीर आहे, ती हिसकावताय."

"तुझा हात," मी म्हणालो.

"काय झालंय माझ्या हाताला?"

"कोपर."

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हातारा भ्रमला की काय, असं. मी खुर्चीत बसलो आणि सगळं सांगून टाकलं. ओला बांबू, तळं, बाईंना मारलेली थाप. सांगताना काठीकडे बोट दाखवलं.  आणि ती हसायला लागली. मला राग आला.

"हसतेस काय?"

"बाबा, तो जड आहे हे आईला पहिल्याच दिवशी कळलं. वीस वेळा उचलून कोण आणत होतं? ती म्हणाली, हा रविवारचा. रविवारी बाबा पूर्ण वेळ बसतात, तेव्हा हा. बाकी दिवस तुम्ही बिडी संपवून कामाला गेलात की आम्ही जुना काढायचो. रविवारी पण पाच-सहा फेका झाल्या की आई म्हणायची, पुरे, भूक लागली."

"मग कोपर?"

"दुखायचं थोडं. भाला फेकणाऱ्या सगळ्यांचं दुखतं तेवढं. एसटीत तुम्हीच विचारलंत, कोपर दुखतंय का. मी हो म्हटलं. मला रडू येत होतं, दुसरं काय सांगणार होते?"

"काय झालं होतं तुला?"

तिनं पिठाची पिशवी खाली ठेवली. "मला नव्हतं फेकायचं. माईकवर नाव घेतलं, एवढी माणसं बघतायत, मला ओकारी आली. मला खाचरात आवडायचं. पलीकडे आई उभी, बांधावर तुम्ही धूर सोडताय. तेवढंच मला आवडायचं. पुण्यात ते नव्हतं."

"मग सांगायचंस."

"आईला सांगितलं ना घरी आल्यावर. ती म्हणाली, कोपरच राहू दे. त्यांना कोपर कळेल. नको वाटतंय, हे नाही कळणार."

 सुमन बरोबर होती. परांचीवर उभ्या माणसाला कोणी विचारत नाही, तुला आवडतं का. मलाही कोणी विचारलं नाही, मी पण कोणाला विचारलं नाही. पोरीच्या अंगात एवढा जोर आणि ती नको म्हणते, हे तेव्हा मला समजलंच नसतं. मी ओरडलो असतो. कदाचित हातही उचलला असता. सुमननं पोरीला वाचवलं आणि मलाही. फक्त तिला हे माहीत नव्हतं की मी तळ्यापाशी काय मनात धरून उभा होतो, आणि त्या कोपराचं मी काय करून ठेवीन. एका घरात दोन थापा, एकमेकींना पाठ लावून झोपलेल्या.

रंजू गेल्यावर मला सुमनचा भयंकर राग आला. तीस वर्षं. डाव्या हाताला पट्टी बांधून मला शेंडी लावतेस? भांडायला उठलो आणि भांडायला माणूस नाही. हे मेलेल्यांचं बरं असतं, हिशोबाला थांबत नाहीत. मग दोरीखालची काठी काढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हातात धरली, सुमन गेल्यापासूनही कपडे मी खुर्चीवरच टाकायचो. मी धरली ती जड म्हणूनच, हात तसा तयार ठेवून, आणि ती एकदम वरच आली. पार वाळून गेलीय. बोटावर आडवी ठेवली तर डुलत उभी राहिली. सुमनच्या हाताची जागा गुळगुळीत झालीय, तिथं पेरसुद्धा लागत नाही.

मी माझा लेंगा तिनं वाळत घातला. नीट पडला नाही. दुसऱ्यांदा घातला. मग चहा केला आणि बऱ्याच दिवसांनी दोन बिस्किटं खाल्ली. सुमन गेल्यापासून छातीत एक दगड आहे, तो आहेच. पण त्याच्या खाली आणखी एक होता, जुना, तो गेल्यावर कळलं की पहिल्याचं वजन नक्की किती. तेवढं मी वाहू शकतो.

आज परत रविवार. परांचीवाल्याला रविवार नाही. सकाळी गॅलरीबाहेर तो गाठ मारत होता आणि त्याच्या हातून काथ्याचं वेटोळं सुटलं, खाली गेटपाशी पडलं. तो शिव्या घालत उतरायला लागला. तेवढ्यात गेटमधून रंजू आत आली. तिनं पिशवी खाली ठेवली, वेटोळं उचललं आणि वर गॅलरीत मला ओरडून सांगितलं.

"बाबा, बाजूला व्हा."

दोन पावलं मागे गेली. मग चार पावलं तिरकी, चपला वाजवत, साडी एका हातानं वर धरून. कोपर कानाशी आलं आणि सुटलं. वेटोळं परांचीवाल्याच्या डोक्यावरून, कठड्यावरून, आत माझ्या खुर्चीपुढे फरशीवर पडलं.

परांचीवाला बांबूला धरून खाली बघत राहिला. "चाचा, ये कौन है?"

"बेटी है. भाला फेंकती थी."

"थी क्या," तो म्हणाला. "फेंकती है."

मी वेटोळं लगेच उचललं नाही. पायातली एक चप्पल काढली, ते पडलं होतं तिथं ठेवली, आणि मग काथ्या त्याला दिला. फरशी गार होती.

रंजू जिना चढून आली, धापा टाकत. तिनं फरशीवरची चप्पल बघितली, मग माझा उघडा पाय बघितला. पिशवी तिच्या उजव्या हातात होती. भरलेली होती, बंद ताणले होते. मी दारातून बाजूला झालो आणि तिला ती घेऊन आत येऊ दिलं.